पिकपमध्ये जुनं कमिन्स बसवलंय, आता पंप वाढवायचा की गप चालवायचं?

खटाराप्रेमी:
मंडळी, घरातला वाद इथे आणतोय. मी मूळचा कोथरूडचा, नोकरीमुळे आता कोलंबस, इंडियाना, म्हणजे कमिन्स या इंजिन कंपनीच्याच गावात. १९८६ ची फोर्ड एफ-२५० पिकप आहे, तिचं मूळ ६.९ लिटरचं डिझेल इंजिन पार थकलं होतं, ऑईल प्यायचं, थंडीत ग्लो प्लगच्या मिनतवाऱ्या करायला लागायच्या. ते काढून १९९५ च्या डॉज रॅममधून निघालेलं १२ व्हॉल्व्हचं ५.९ कमिन्स बसवलं. आपल्याकडे टाटाच्या १६१३ ट्रकला जे कमिन्स यायचं त्याच खानदानातलं. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप बॉशचा पी-७१००, लाईन पंप (दर सिलिंडरचा प्लंजर एका ओळीत), कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही.

ऑटोमॅटिक गाडीतलं इंजिन असल्यामुळे १६० हॉर्सपॉवरचं. गंमत म्हणजे कागदावर जुन्या इंजिनाची पॉवर जवळपास तेवढीच होती, फरक सगळा टॉर्कमध्ये. पण चालवताना मला ते जरा मरगळलेलंच वाटतंय. मेव्हणा म्हणतो पंप वाढव, म्हणजे जास्त डिझेल सोडायला लाव: पंपाचं मागचं झाकण उघड, फ्युएल प्लेट (डिझेलची कमाल मर्यादा ठरवणारी पट्टी) काढून फेक, स्टार व्हील (टर्बोचा दाब येईपर्यंत डिझेल किती मिळेल ते ठरवणारं दातेरी चाक) फिरव, अर्ध्या तासाचं काम आहे. माझं मत, पहिलं वर्षभर पंपाला पानाच लावायचा नाही. इंजिन कोणी कसं चालवलं, ऑईल कधी बदललं काही माहीत नाही, आणि अशा इंजिनात जास्त डिझेल ओतायचं म्हणजे परक्या माणसाला ओळख नसताना उधारी देणं. बोला.

धूरधार:
वर्षभर? राव, लाईन पंपवालं बारा व्हॉल्व्ह घ्यायचं आणि पंप वाढवायचा नाही म्हणजे हापूसची पेटी आणून नुसता वास घेत बसायचं. लोक या पी-पंपासाठीच तर जास्त पैसे मोजतात, ९३ पर्यंतच्या डॉजला रोटरी व्हीई पंप यायचा, त्याला मर्यादा आहेत, याला नाहीत. नुसती प्लेट सरकवून आणि टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) थोडं पुढे घेऊन गाडी अशी पळते की तुला वाटेल दुसरंच इंजिन आहे. खालचा ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड हे ट्रकचं सामान आहे, पिकपच्या ओझ्याने त्याला काय होतंय. तू घाबरतोयस एवढंच.

काका २५१५:
घाबरणं वाईट नसतं बाळा. मी नगरला तीसेक वर्षं ट्रकचीच कामं केली, कमिन्सवाले टाटा २५१५ ट्रक भरपूर खोललेत. क्रँकला काही होत नाही हे खरं, पण पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो हे पण खरं. एक गाडी होती, मालकाने पंपवाल्याकडून पंप वाढवून आणला, सपाटीला एकदम खूश. मग उसाचा लोड घेऊन खंबाटकी चढायला लागली आणि अर्ध्या घाटात पांढऱ्या धुराचा लोट. हेड काढलं तर चौथ्या पिस्टनच्या डोक्याला मेणबत्तीसारखा खड्डा. गाडी पळते तेव्हा नाही वितळत, लोडवर दहा मिनिटं पाय दाबून ठेवला की वितळतं. काळा धूर म्हणजे ताकद नव्हे, ते न जळलेलं डिझेल, तुझे पैसे सायलेन्सरमधून चाललेत.

धूरधार:
काका आदर आहे, पण ती चूक पंप वाढवल्याची नाही, मीटर न लावता वाढवल्याची आहे. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डला पायरोमीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर) लावायचा, आकडा १२५० फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण पावणेसातशे सेल्सिअसच्या वर टिकू द्यायचा नाही, घाटात पाय सोडायचा, खालचा गिअर टाकायचा. इथे सगळे तसंच चालवतात.

काका २५१५:
मीटर बघून पाय सोडणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचाय.

टॅपेट टक्कर:
दोघं पंपावरच भांडताय, आधी बाकीचं बघा की. खटारा, तू टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केलेत का? थंड इंजिनावर इनलेट १० थाउ (इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्ट २० थाउ. या इंजिनाला दर सिलिंडरला वेगळं झाकण आहे, सहा झाकणं, सहा गॅस्केट, म्हणून आळशी लोक करतच नाहीत आणि मग इंजिन खडखडतं म्हणून रडतात. आणि पुढच्या टायमिंग केसमधली ती डॉवेल पिन! पेन्सिलच्या तुकड्याएवढी पिन, हादऱ्यांनी हळूहळू सरकत बाहेर येते आणि गिअरमध्ये पडली की केस फुटते, अमेरिकेत तिला किलर म्हणतात ते उगाच नाही. फॅन आणि पुली काढून, पुढचं कव्हर उघडून पिनच्या शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची एक टॅब लावायची, झालं. गाडीत बसवायच्या आधी केलं असतंस तर दोन तासांत झालं असतं, आता रेडिएटर काढ.

खटाराप्रेमी:
पिनचं केलंय, इंजिन स्टँडवर असतानाच. टॅपेट पण केले, दोन एक्झॉस्ट फारच टाइट निघाले.

एमएच-११:
थोडं अवांतर. माझ्या वडिलांची जुनी पिकप आहे साताऱ्यात, तिच्यात असं दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकता येईल का? आणि जुन्या पंपाला आताच्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये टू-स्ट्रोकचं ऑईल टाकावं म्हणतात ते खरं का?

टॅपेट टक्कर:
भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, इंजिन बदलायचं तर त्याच मेकचं त्याच टाइपचं आणि आरटीओची परवानगी घेऊन. अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिला इंजिन नंबरच बघतात. वडिलांना आहे तेच इंजिन बांधून घ्यायला सांग. टू-टीचं, म्हणजे टू-स्ट्रोक ऑईलचं म्हणशील तर मी टाकत नाही, गंधक काढताना गेलेला चिकटपणा भरून काढायला डिझेलमध्ये आधीच काहीतरी मिसळलेलं असतं. जुन्या पंपाचे सील कडक होऊन गळतात तो वेगळा आजार, ऑईल ओतून सील मऊ होत नाही.

काका २५१५:
मी टाकतो, टाकीमागे थोडंसं, पंपाचा आवाज बसतो. तुम्ही शिकलेले लोक काही म्हणा.

खटाराप्रेमी:
अपडेट देतो, जरा लाजतच. काल मेव्हणा प्लेट काढायला हत्यारं घेऊन आलाच होता. म्हटलं थांब, आधी डिझेलचं प्रेशर बघू, कारण ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची (पंपातला दाब राखून जादा डिझेल परत पाठवणारा) स्प्रिंग थकली की पंपाला पुरेसं डिझेल मिळत नाही आणि माणूस पंपालाच शिव्या घालत बसतो. प्रेशर ठीक निघालं. मग त्याला आत बसवलं, म्हटलं पेडल जमिनीला टेकव, आणि मी बॉनेटखाली बघतोय तर पंपाचा लिव्हर पुढच्या स्टॉपपासून चांगला बोटभर अलीकडेच थांबलेला! फोर्डचं पेडल, डॉजचा लिव्हर, मध्ये माझ्या हाताने वाकवलेला ब्रॅकेट. म्हणजे गेले दोन महिने मी पाऊण ॲक्सिलरेटरवर गाडी चालवत होतो आणि इंजिन मरगळलंय म्हणत होतो. ब्रॅकेटला नवीन भोक पाडलं, केबल सरकवली, आता हायवेला चढताना सीटला पाठ चिकटते. पंपाला पाना लावलेला नाही.

आणि एक, ब्रेक अजून ८६ चेच आहेत, इंजिन जवळपास अर्ध्या टनाचं, पुढच्या स्प्रिंगा बसल्यात. पैसे आधी तिकडे.

धूरधार:
हाहाहा, बोटभर! मान्य, यावेळी तू वाचलास. पण तुझा मुद्दा सिद्ध झालेला नाही, इंजिन ठणठणीत निघालं म्हणजे आता तर वाढवायला हरकतच नाही. ब्रेक कर, पायरोमीटर लाव, मग प्लेट नको, नुसतं स्टार व्हील चार दाते फिरव, धूर दिसला तर दोन मागे घे.

काका २५१५:
क्लच कोणता आहे ते विचार त्याला आधी. जुनाच असेल तर चार दात्यांनी पिस्टनच्या आधी तोच सुटेल.

खटाराप्रेमी:
क्लच इंजिनाबरोबर आला नाही, गिअरबॉक्सवाल्याकडून जुना घेतलाय.

धूरधार:
किती जुना?

खटाराप्रेमी:
मेव्हण्याला माहीत.