गच्चीचं पाणी चालू बोअरमध्ये सोडावं का?

प्रश्न: पन्हळ

सोसायटीची गच्ची ६०० चौ.मी., सपाट काँक्रीटची. चार कोपऱ्यांतून ११० मिमीचे चार पाइप खाली येतात आणि सध्या गटारात जातात. ठेकेदाराने सुचवलेलं काम असं: चालू बोअरभोवती २ मीटर व्यासाचा, ३ मीटर खोल खड्डा खणायचा, त्या उंचीत केसिंगला (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपला) भोकं पाडून जाळी गुंडाळायची, खड्डा दगड, खडी, वाळूने भरायचा आणि चारही पाइप एकाच ११० मिमी पाइपने त्यात आणायचे. वरची दीड मीटर माती चिकण आहे, त्याखाली मुरूम. बोअरचं पाणी आंघोळीला, धुण्याला वापरतो. पार्किंगचं पाणीही त्यातच घ्यावं, असं काही सभासदांचं मत आहे. केसिंगला भोकं पाडणं कितपत बरोबर? आणि एवढा खड्डा पुरेल का?

प्रतिसाद १: मुरूम

भोकं पाडू देऊ नका. वरच्या थरातलं मळकं पाणी बोअरमध्ये उतरू नये, यासाठीच तर केसिंग असतं. ते एकदा फोडलं की कबुतरांची विष्ठा आणि तुमच्या आंघोळीचं पाणी यांच्यामध्ये फक्त वाळूचा एक थर उरतो, आणि वाळू जिवाणू भरवशाने अडवत नाही. दुसरं, कातळातल्या बोअरला पाणी येतं ते मोजक्या बारीक भेगांतून. चिकणमातीचे कण त्या भेगांत जाऊन बसले की नंतर कॉम्प्रेसरने कितीही फ्लशिंग केलं तरी सगळे बाहेर येत नाहीत. बोअर भरायला म्हणून केलेल्या कामाने बोअर आटल्यासारखा होतो, तो असा. पार्किंगच्या पाण्यात तेल, टायरचा चुरा आणि ब्रेकची धूळ असते. ते बोअरजवळ अजिबात नको, गाळूनही नको.

आता आकड्यांकडे. १ चौ.मी.वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. तासाला ६० मिमी वेगाची सर आली आणि त्यातलं ८५ टक्के पाणी पाइपात उतरलं, तर ६०० चौ.मी.वरून सेकंदाला ८.५ लिटर येतात, म्हणजे तासाला ३० घनमीटर. तुमच्या खड्ड्याचं एकूण आकारमान ९.४ घनमीटर. दगड-खडी भरल्यावर पोकळी राहते फार तर ४० टक्के, म्हणजे पावणेचार घनमीटर. ती सात-आठ मिनिटांत भरेल. त्यात वरचा वाळूचा थर: जलशुद्धीकरण केंद्रातली जलद वाळूगाळणी दर चौ.मी.ला तासाला ५ घनमीटरच्या आसपास पाणी सोडते, आणि तीही रोज उलट धुतली जाते म्हणून. तुमच्या ३ चौ.मी. वाळूतून नवी असताना तासाला १५ घनमीटर जाईल. उरलेलं पाणी तुंबून अंगणात येणार.

त्यापेक्षा बोअरपासून लांब, १ मीटर व्यासाच्या सिमेंट रिंगांच्या तीन शोषविहिरी (पाणी जमिनीत जिरवणाऱ्या विहिरी) करा. प्रत्येक ३ मीटर खोल. मुरमाच्या उंचीतल्या रिंगांना भोकं, चिकणमातीच्या उंचीतल्या रिंगा कोऱ्या. बाहेरून २०-४० मिमीची धुतलेली खडी, आतून पूर्ण मोकळी. रिकाम्या विहिरीत पाणी जास्त मावतं आणि माणसाला गाळ काढता येतो. इमारतीच्या पायापासून निदान ३ मीटर, सेप्टिक टँक आणि मैलापाण्याच्या चेंबरपासून १५ मीटर अंतर ठेवा. भर पावसाळ्यातली भूजलपातळी विहिरीच्या तळाखाली किमान दीड मीटर असायला हवी. नसेल तर खोली कमी करा आणि विहिरींची संख्या वाढवा.

खणण्याआधी मुरूम पाणी किती पितो ते मोजा. मुरमाच्या पातळीला ३० सेमी रुंद, ३० सेमी खोल खळगा करून आदल्या दिवशी पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी १५ सेमी पाणी घाला आणि दर अर्ध्या तासाला पातळी किती उतरली ते पट्टीने बघा, आकडा स्थिर होईपर्यंत. तासाला २५ मिमी किंवा जास्त असेल तर काम करण्यासारखं आहे. १० मिमीच्या खाली असेल तर शोषविहिरीचा नाद सोडा.

प्रतिसाद २: चेंबर

वरच्या सगळ्याला सहमती. पाइपांबद्दल लिहितो.

११० मिमीचा आडवा पाइप १०० ला १ उतारावर पूर्ण भरून सेकंदाला ७ लिटरच्या आसपास नेतो. चारही पाइप एका ११० मध्ये घेतले तर मोठ्या सरीला पाणी मागे चढणार. एकत्र केल्यानंतरचा पाइप १६० मिमीचा घ्या. तो त्याच उतारावर २० लिटर नेतो.

पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढणं वाळूच्या गाळणीपेक्षा महत्त्वाचं. लोक पैसे मात्र गाळणीवर घालतात. हिशेब १ मिमीचा धरा: प्रत्येक पाइपाकडे १५० चौ.मी. गच्ची, म्हणजे १५० लिटर. एका पाइपाला २०० लिटरचं एक पिंप पुरेल. उभ्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड), टीची खालची शाखा पिंपात, पिंप भरलं की पाणी आपोआप आडव्या शाखेने पुढे. पिंपाच्या तळाला ३ मिमीचं भोक ठेवा. १ मीटर पाणी असताना त्यातून तासाला ६५-७० लिटर जातात, म्हणजे पाऊस थांबल्यावर पाच-सहा तासांत पिंप रिकामं होऊन पुढच्या सरीला तयार. भोकाऐवजी हाताने उघडायचा कॉक बसवला तर तो कोणी उघडत नाही, पिंप भरलेलंच राहतं आणि पुढचं सगळं मळकं पाणी थेट विहिरीत जातं. भोकाच्या आतल्या बाजूला उलटी जाळीची टोपी लावा, नाहीतर पहिल्याच पानाने ते बुजेल.

त्यानंतर गाळाचा चेंबर. ०.१ मिमीचा वाळूचा कण सेकंदाला साधारण ८ मिमी खाली बसतो, त्यामुळे ८.५ लिटरच्या प्रवाहाला १ चौ.मी.हून थोडं जास्त क्षेत्र पुरतं. १ मी. × २ मी. करा, मध्ये आडभिंत, बाहेर जाणारा पाइप तळापासून ५० सेमी वर. ०.०२ मिमीचा बारीक गाळ बसवायचा तर २० चौ.मी.हून मोठं क्षेत्र लागेल, तेव्हा तो चेंबर अडवेल ही आशा नको. तो शोषविहिरीच्या तळाशी बसणार आणि तिथून दरवर्षी काढायचा आहे.

पन्हळ

आभार. ठेकेदाराचं म्हणणं, खड्डा भरला नाही तर ढासळेल. शिवाय नुसतं जिरवण्यापेक्षा टाकी का नको, असं एकाने विचारलं आहे.

प्रतिसाद ३: साठवण

टाकी आधी, जिरवणं नंतर, असं माझं मत. २० मिमी पावसात तुमच्या गच्चीवरून १० हजार लिटर येतात. फ्लशला माणशी रोज ३० लिटर धरले तर ८० माणसांना २,४०० लिटर, म्हणजे १० हजारांची टाकी चार दिवसांत रिकामी होऊन पुन्हा भरायला मोकळी. जिरवलेलं पाणी तुमच्याच बोअरला येईल याची खात्री नसते, टाकीतलं तुमचंच. मात्र फ्लशची पाइपलाइन वेगळी असेल तरच. जुन्या इमारतीत ती नसते आणि नव्याने टाकणं हे टाकीपेक्षा मोठं काम. ते जमत नसेल तर बाग आणि गाड्या धुण्यापुरती ५ हजारांची टाकी घ्या आणि तिचा ओव्हरफ्लो शोषविहिरींकडे वळवा. पिण्याच्या लाइनशी कुठेही जोड नको, झडप घालूनही नको. टाकीत पाणी वरून पडू देऊ नका, पाइप तळाशी नेऊन तोंड वर वळवा, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही.

प्रतिसाद ४: मुरूम

ढासळण्याची भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. रिंगा असताना भरावाची गरज नाही. खणतानाच मुरूम सुटा लागला तर रिंग वर ठेवून आतून खणत खाली उतरवायची. ३ मीटरच्या उघड्या खड्ड्यात आधाराशिवाय कोणाला उतरवू नका.

ओव्हरफ्लो विसरू नका. प्रत्येक विहिरीने तासाला ४०० लिटर जिरवले तरी तिन्ही मिळून १,२००, आणि येणारं पाणी ३० हजार. विहिरी भरल्या की बाकीचं वाहून जाणारच, त्यात काही बिघडलं नाही. ओव्हरफ्लोचा पाइप येणाऱ्या पाइपाएवढाच, १६० मिमीचा. तो पावसाळी गटारात न्या, मैलापाण्याच्या चेंबरला जोडू नका. तो चेंबर तुंबला की मैला उलटा विहिरीत येतो.

प्रतिसाद ५: फरसबंदी

पार्किंगचं पाणी बोअरपासून लांबच्या बाजूला, पाणी झिरपणाऱ्या पेव्हरखाली (फरसबंदीच्या ठोकळ्यांखाली) घ्या. पेव्हरच्या सांध्यात वाळू नको, २-६ मिमीची चुरी नसलेली खडी. खाली त्याच खडीचा ५ सेमी थर, त्याखाली २०-४० मिमीची धुतलेली खडी ३० सेमी. तुमच्याकडे खाली चिकणमाती असल्याने तळाशी छिद्रांचा पाइप टाकून पाणी बाहेर काढावं लागेल. हे पेव्हर बहुतेक वेळा शेजारच्या वाफ्यातली माती वाहून येऊन बुजतात, म्हणून वाफा फरसबंदीपेक्षा ५ सेमी खाली ठेवा.

प्रतिसाद ६: चेंबर

देखभाल सोसायटीच्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवा: पावसाआधी गच्ची झाडून धुणं (धुतलेलं पाणी गटारात, तेवढ्यापुरती वळवायची झडप हवीच), पावसाळ्यात दर आठवड्याला गच्चीच्या जाळ्या आणि पिंपाची भोकं, दर महिन्याला गाळाचा चेंबर. विहिरीत काठी सोडून बघा. पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही पाणी दिसलं तर तळ बुजला आहे. सुकल्यावर गाळाचा पापुद्रा आणि त्याखालचा ५-१० सेमी मुरूम खरवडून काढा. झाकणाच्या फटींना डासांची जाळी लावा. गच्चीवर वॉटरप्रूफिंग केलं असेल किंवा सोलर पॅनल साबणाने धुतले असतील, तर पुढच्या एक-दोन सरी झडप गटाराकडेच ठेवा.