मदत हवी आहे: घरी बांधलेलं विमान पाळायला वर्षाला किती लागतं?

नमस्कार मंडळी,

विमान बांधायला किती खर्च येतो हे विचारत नाहीये, तो हिशोब माझ्याकडं पैन्‌पैचा आहे. एकदा ते उभं राहिलं की पुढं दरवर्षी ठेवायला किती लागतात ते विचारायचंय. ज्यांनी स्वतः ठेवलंय किंवा क्लबात, परदेशात जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा, कारण महिनाअखेरीच्या आत आम्हाला एक मोठा निर्णय घ्यायचाय.

थोडं आधीचं सांगते. आमच्या ह्यांचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग, शिरोलीच्या फाउंड्रीतनं कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. बिलं, जीएसटी, पगार सगळं माझ्याकडं. सात-आठ वर्षांपूर्वी ह्यांनी झेनिथ सीएच ७०१ ची ड्रॉइंग मागवली, दोन सीटचं, सगळं ॲल्युमिनियमचं, पत्रा कापायचा, वाकवायचा आणि पॉप रिव्हेट मारत जायचं, म्हणजे उद्यमनगरातल्या माणसाचा हात बसलेलंच काम. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या गोडाऊनमध्ये पाणी शिरलं तेव्हा पंखाच्या रिब्ज, म्हणजे आतल्या फासळ्या, माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, त्यानंतर सगळं उचगावला भाड्याच्या शेडमध्ये हलवलं. आता बॉडी झाली, दोन्ही पंख झाले, शेपूट झाली. इंजिन राहिलंय.

परवानगीचा विषय इथं नको, डीजीसीएचं, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याचं, काम वेगळं चालू आहे. कॅप्टन अमोल यादवांनी चारकोपला गच्चीवर विमान बांधलं त्याला रजिस्ट्रेशन २०१७ ला मिळालं आणि उडवायची परवानगी २०१९ ला, त्यामुळं वेळ लागणार हे धरूनच चाललोय. पण अशा विमानाबद्दल जे काही छापून येतं त्यात बांधायला किती लाख लागले एवढंच असतं, नंतरच्या खर्चाचा एक आकडा सापडत नाही. आमच्याकडं म्हैस भाकड असली तरी वैरण लागतीच, गंगावेशीत दूध घालणाऱ्या कुणालाही विचारा. विमानाचं तसंच दिसतंय, उडवा नाहीतर नुसतं उभं करा.

आता मुख्य मुद्दा. ओळखीतून एक जुनं इंजिन, रोटॅक्स ९१२ यूएलएस, मिळतंय, १०० हॉर्सपॉवरचं, ११ वर्षं जुनं पण चाललंय फक्त ४३० तास. मागतायत ९ लाख. नवं घ्यायचं तर ड्युटी, भाडं सगळं धरून मी २० लाख पकडलेत. हे म्हणाले २००० तासांचं इंजिन आहे, अजून १५७० तास शिल्लक, डोळे झाकून घ्यायचं. मलाही पहिल्यांदा पटलं. मग मी मॅन्युअल वाचत बसले तर ओव्हरहॉलचा, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्यासारखं करून घेण्याचा, हिशोब २००० तास किंवा १५ वर्षं, जे आधी होईल ते. आमचं उडणं वर्षाला ५० तासांच्या वर जाणार नाही, रविवारचा एक तास धरा. म्हणजे त्या इंजिनाची ४ वर्षं राहिली आणि त्या ४ वर्षांत आम्ही वापरणार २०० तास. ९ लाख भागिले २०० म्हणजे तासाला ४५००. नव्याचं १५ वर्षांत ७५० तास, २० लाख भागिले ७५०, तासाला २६६७ च्या आसपास. स्वस्तातलं इंजिन महाग पडतंय! हे मांडून दाखवल्यावर हे अर्धा तास काही बोललेच नाहीत, मग म्हणाले पुन्हा एकदा कर.

माझं कुठं चुकत असेल तर सांगा. मला कळतंय ते असं की थोडं उडणाऱ्या माणसाला तास मोजून उपयोग नाही, वर्षं मोजायची. रबराचंही तेच, पेट्रोलचे, कूलंटचे, ऑइलचे होज आणि कार्बोरेटरचे रबरी सॉकेट ५ वर्षांनी बदलायचे, मग १० तास उडा नाहीतर ५०० तास. ऑइल १०० तासांनी किंवा वर्षातनं एकदा. तर ११ वर्षांच्या इंजिनाचं रबर आत्तापर्यंत दोनदा बदललेलं पाहिजे. बिल मागितलं तर त्यांच्याकडं एकाच वेळचं निघालं.

फ्लोटची गोष्ट सांगते. ह्या इंजिनाला दोन कार्बोरेटर, प्रत्येकात पेट्रोलची पातळी राखणारे दोन-दोन तरंगते फ्लोट, आणि ते पेट्रोल पिऊन जड होतात, जड झाले की बुडतात आणि मिश्रण बिघडतं. एका कार्बोरेटरमधले दोन्ही मिळून ७ ग्रॅमच्या वर गेले की बाद. इंजिनवाल्यांनी चांगुलपणानं चारही फ्लोट काढून दिले. आमच्या वर्कशॉपचा काटा किलोचा, ग्रॅमचं काय कळणार, म्हणून मी ते डबीत घालून गुजरीत ओळखीच्या सोनाराकडं नेले. त्यांनी आधी सोनं तोलायचं पात्र पुसून घेतलं, मग एक-एक जोडी ठेवली. पहिली जोडी ६.४. दुसरी ७.६. दोनदा केलं, तेवढंच. फ्लोटची किंमत मोठी नाही हो, पण हे कुणी बघितलं नव्हतं याचा अर्थ बाकीचंही बघितलं नसणार, आणि त्या इंजिनामागं माझा माणूस बसणार आहे.

पेट्रोलचा हिशोब सोपा वाटला होता. तासाला १८ लिटर, ५० तासांचे ९०० लिटर, लिटरला ११० धरलं तर लाखाच्या आत. पण पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे आणि रोटॅक्स १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालवून घेतं. आम्ही वर्कशॉपच्या मेझरिंग सिलिंडरमध्ये १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवून ठेवलं, थोड्या वेळानं खालचा पाण्याचा थर २५ च्या वर गेलेला, म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलेलं डोळ्यांनी दिसलं. शिवाय यूएलएसला निदान ९५ ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. एव्हीगॅस १०० एलएल हे खास विमानाचं पेट्रोल इंडियन ऑइल २०२२ पासून आपल्याकडं बनवतंय, पण त्यात शिसं आहे, ते जास्त वापरलं तर ऑइल ५० तासांनाच बदलायचं. शिवाय ते कोल्हापुरात थोडं थोडं आणून साठवायचं कसं? ज्यांचं रोटॅक्स आहे ते सध्या काय घालतायत?

आणि जागा. उजळाईवाडीला विमानतळावर ठेवायचं म्हटलं तर भाडं, उचगावच्या शेडमध्ये ठेवायचं तर प्रत्येक वेळी पंख काढा, ट्रेलरवर घाला, परत जोडा, परत तपासा. उघड्यावर ठेवायचा प्रश्नच नाही, आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सगळ्यांना माहिती आहे. शेडमध्येही निवांत नाही, मागच्या दिवाळीनंतर पिटो ट्यूबमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, वेग दाखवणारा काटा त्याच नळीवर चालतो. पोरीला ते दिसलं म्हणून बरं. तेव्हापासून लाल कापडाची टोपी शिवून घातलीय.

विमा, बॅटरी, टायर, रेडिओ, ह्यांचं मेडिकल यासाठी मी अंदाजानं खाती उघडून ठेवलीत. विम्याचे, त्यातल्या त्यात थर्ड पार्टीचे खरे आकडे कुणाकडं असतील तर द्याच.

भर, दोन दिवसांनी:

सगळ्यांचे खूप आभार, इतकी माणसं मनापासून लिहितील असं वाटलं नव्हतं. उत्तरांत एका दादांनी लिहिलंय की अमेरिकेत एक्सपेरिमेंटल, म्हणजे आमच्यासारख्या घरी बांधलेल्या, विमानाला १५ वर्षांची अट बंधनकारक नाही, इंजिन चांगलं असेल तर पुढं चालवतात, आणि बांधणाऱ्याला रिपेअरमन सर्टिफिकेट मिळतं त्यामुळं वर्षाची तपासणी तो स्वतःच करून सही करतो. हे मोठं आहे, कारण मजुरी वाचते. पण विमान विकलं की ते सर्टिफिकेट नव्या मालकाला मिळत नाही असंही त्यांनीच सांगितलंय, आणि आपल्याकडं तपासणीला येणारा माणूस जुन्या इंजिनाला काय म्हणेल यावर मी ९ लाख लावू शकत नाही. पोरगी पुढच्या वर्षी बारावीला आहे.

ज्या ताईंनी विचारलं की एवढा खर्च दिसतोय तर थांबवत का नाही, त्यांना सांगते, थांबवायचं नाहीये. पहिली रिब वाकवली तेव्हा मी पत्रा धरला होता. मला फक्त असं नको की बांधून झालं आणि पैसे नाहीत म्हणून शेडमध्ये धूळ खात पडलं. नव्या इंजिनासाठी वर्षाला १ लाख ३३ हजार बाजूला काढायचे तर वर्कशॉपचं कुठलं काम वाढवायचं ते आम्ही दोघं बघतोय.

आता एकच राहिलं. त्या इंजिनाचं रबर, फ्लोट सगळं नवं घालून आणि गिअरबॉक्स उघडून तपासून घेतला, तर ११ वर्षांच्या इंजिनाला किती द्यावेत? ५ लाख योग्य की तेही जास्त? रविवारी फ्लोट परत द्यायला जायचंय, त्याआधी कुणी सांगितलं तर तिथंच बोलून टाकू.