मदत हवी आहे: वॅल्किरीच्या खांद्याची बिजागरी तडकली, कोणता गोंद लावावा?

चिंचवडकर
नमस्कार. ‘मॅक्रॉस’ या जपानी ॲनिमेशन मालिकेतील माझ्याकडच्या व्हीएफ-१एस वॅल्किरी या खेळण्याचे विमानातून यंत्रमानवात रूपांतर करताना काल रात्री उजव्या खांद्याची बिजागरी तडकली. पाय खाली उतरले आहेत, नाक अर्धवट वाकले आहे, उजवा हात पोटाखाली अडकून बसला आहे आणि आता रूपांतर पुढेही जात नाही व मागेही फिरत नाही. हे खेळणे मी २०१९ साली तोक्योच्या नाकानो ब्रॉडवेमधील एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणले होते आणि पुन्हा तिकडे जाण्याचा योग नजीकच्या काळात दिसत नाही. कृपया एवढेच सांगावे की कोणता गोंद लावावा. घरात फेविक्विक आहे, ते चालत असेल तर आजच लावतो.

सांधेदुरुस्त
फेविक्विक कृपया लावू नका. चालत्या सांध्यात ते पिनेपर्यंत झिरपले, तर हात कायमचा जाम होईल, आणि त्याच्या वाफेचा पांढरा थर जवळच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे वैमानिकाच्या कक्षाच्या झाकणावर बसतो. गोंद सुचवण्यापूर्वी काही गोष्टी समजायला हव्यात. खेळणे मूळ विमानाच्या कोणत्या प्रमाणात आहे, १/४८, १/५५ की १/६०? तडा पिनेच्या भोवती गोल गेला आहे की पट्टीच्या मधोमध आडवा? तडकलेला भाग धातूचा आहे, साध्या प्लॅस्टिकचा आहे, की बोटाला मेणासारखा गुळगुळीत लागतो?

चिंचवडकर
१/६०. तडा पिनेभोवती आहे. प्लॅस्टिक पांढरे आहे, यापलीकडे मला सांगता येणार नाही. निर्मात्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष खेळण्याचा आहे की माझ्या हाताचा, हे अजून ठरलेले नाही. छायाचित्र जोडले आहे. गोंदाचे सांगा.

माळ्यावरचा_खजिना
छायाचित्रात डावा पंख उजव्यापेक्षा पिवळा दिसतो आहे. एबीएस प्लॅस्टिक उजेडाने असे पिवळे पडते आणि त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप लावून उन्हात ठेवणे हा माझा अनुभवसिद्ध उपाय आहे. मी माझे तीन जुने यंत्रमानव असे उजळवले आहेत. लेप वाळू नये म्हणून वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे आणि दर तासाला भाग फिरवावा, नाहीतर पट्टे उमटतात.

सांधेदुरुस्त
पिवळेपणाबद्दल धागाकर्त्यांनी विचारलेले नाही. शिवाय व्हीएफ-१एसच्या शेपटीवरील कवटीचे चिन्ह छापील असेल, तर पेरॉक्साइडने तेही फिके पडू शकते. तडा गेलेल्या भागाला उन्हात ठेवण्याचा सल्ला तर कोणीही देऊ नये.

डायाक्लोन_८०
माझे मत वेगळे आहे. इतके नाजूक सांधे असलेली खेळणी हातात घेऊन रूपांतर करण्यासाठी असतातच का, हा खरा प्रश्न आहे. ताकारा या जपानी कंपनीची डायाक्लोन ही खेळण्यांची मालिका १९८० साली आली. तिच्यातील आणि मायक्रो चेंज मालिकेतील साचे घेऊन हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने १९८४ साली ट्रान्सफॉर्मर्स विकायला सुरुवात केली. त्या काळची ही खेळणी सात-आठ वर्षांच्या मुलांनी दिवसातून वीस वेळा उघडमीट करावीत या हिशोबाने बनलेली होती आणि त्यांतली कितीतरी आजही धडधाकट आहेत. धागाकर्त्यांनी वॅल्किरी जशी आहे तशी काचेच्या कपाटात ठेवावी आणि हाताळण्यासाठी एखादे जुन्या घडणीचे खेळणे घ्यावे.

गेरवॉक
डायाक्लोन_८०, वॅल्किरीबद्दल असे लिहिणे मला योग्य वाटत नाही. १९८२ साली ताकातोकू या जपानी कंपनीने काढलेली १/५५ वॅल्किरीदेखील मुलांच्याच हाती होती. त्याच साच्यातून पुढे १९८५ मध्ये हॅस्ब्रोचा जेटफायर हा ट्रान्सफॉर्मर आला, म्हणजे ज्या घराण्याच्या मजबुतीचा आपण दाखला देता, त्यात वॅल्किरीही आहे. मालिकेतील यंत्रांचे रचनाकार शोजी कावामोरी यांनी ती रचताना अमेरिकी नौदलाचे एफ-१४ टॉमकॅट विमान समोर ठेवले. विमानाची इंजिने हेच यंत्रमानवाचे पाय होतात आणि पायांच्या मधल्या जागेत हात दडतात. विमान आणि यंत्रमानव यांच्या मधल्या, पाय फुटलेल्या विमानासारख्या दिसणाऱ्या अवस्थेला गेरवॉक म्हणतात. ही मधली पायरी स्वतःच्या बोटांनी पार करणे हेच या खेळण्याचे सार आहे. कपाटात ठेवायचे असेल तर रूपांतर न होणारा पुतळा घेतलेला काय वाईट?

डायाक्लोन_८०
जेटफायरचा मुद्दा मान्य आहे. पण तो १/५५ होता. १/६० मध्ये अलीकडे विमानाचा आकार मालिकेतल्यासारखा दिसावा म्हणून सांधे बारीक केले जातात आणि पिनेभोवती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर प्लॅस्टिक उरते. माझा आक्षेप त्यावर आहे.

परळकर
सरळ नवे मागवा. दुरुस्त केलेल्या वस्तूला संग्रहात किंमत नाही.

चिंचवडकर
नवे मागवणे सोपे राहिलेले नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. आणि किमतीसाठी मी ती घेतलेली नाही. कॉलेजात असताना मित्राच्या संगणकावर मालिकेचे ३६ भाग पाहिले, तेव्हापासून त्यातील वैमानिक रॉय फोकरचे हे विमान हाती घ्यायचे मनात होते. कृपया गोंद.

कावासाकीहून
मी जपानात नोकरीला असून माझ्याकडे १/६० मापाच्या चार वॅल्किरी आहेत. दोन गोष्टी विचारतो. हात बाहेर काढण्याआधी दोन्ही पाय पुरेसे खाली आणि बाजूला केले होते का? पाय जागेवर असताना हात ओढला, तर सगळा जोर खांद्यावर येतो. दुसरे म्हणजे, सांधा घट्ट वाटल्यामुळे त्यात काही घातले होते का?

चिंचवडकर
पाय बाजूला केले होते. सांधा फारच घट्ट होता, म्हणून महिन्याभरापूर्वी दोन्ही खांद्यांत शिलाई मशीनचे तेल दोन-दोन थेंब सोडले होते. त्यानंतर तो छान हलत होता, त्यामुळे त्याचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नाही.

सांधेदुरुस्त
कारण मिळाले. पिन घट्ट ठोकलेली असल्यामुळे तिच्याभोवतीच्या एबीएसवर सतत ताण असतो. अशा ताणलेल्या प्लॅस्टिकला खनिज तेल लागले की सूक्ष्म तडे पडू लागतात. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, काही आठवड्यांनी साध्या हालचालीत तुकडा पडतो. प्लॅस्टिकच्या सांध्यात शुद्ध सिलिकॉन तेलच घालावे. ट्रेडमिलच्या पट्ट्यासाठी जे मिळते, त्याचा एक थेंब टाचणीच्या टोकाने सोडला तरी पुरतो.

आता दुरुस्तीबद्दल. तेलकट प्लॅस्टिकवर कोणताही गोंद धरत नाही, म्हणून आधी पिन काढून भाग धुवावा लागेल. पिनेचे एक टोक दातेरी असते आणि दुसरे गुळगुळीत. भिंग लावून पाहा आणि गुळगुळीत टोकाकडून ठोका, म्हणजे दातेरी टोक आपण ज्या वाटेने आत गेले होते त्याच वाटेने बाहेर येईल. उलट बाजूने ठोकले तर दाते संपूर्ण भोक ओरबाडत जातील आणि उरलेली पट्टीही फुटेल. भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसून एक रात्र वाळू द्या. तुकडा एबीएसचा असेल, तर प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करणारा मॉडेलवाल्यांचा पातळ सिमेंट वापरा. तो पॉलिअसिटल या मेणचट प्लॅस्टिकचा निघाला, तर त्याला कोणताही गोंद चिकटणार नाही आणि तो भाग नव्याने करून घेण्याशिवाय मार्ग नाही.

गेरवॉक
यात माझी एक भर. नुसत्या सिमेंटवर विसंबू नये. तड्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळी तारेचा तुकडा बसवावा. एवढी बारीक ड्रिल आणि हाताने फिरवायचा दांडा सोनारकामाच्या दुकानांत मिळतो. आपण चिंचवडला आहात, तर पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या परिसरात चौकशी करा.

सांधेदुरुस्त
दोन मिलिमीटरच्या भिंतीत भोक पाडणे हा नवख्या माणसासाठी मोठा धोका आहे. मी याच्या विरुद्ध आहे.

गेरवॉक
धोका आहे, पण याच सांध्यावर हाताचा सगळा भार येतो. मी एका खांद्याला तार न घालता नुसता सिमेंट लावला होता, तो आठव्या रूपांतराला पुन्हा सुटला. तार घातलेला दुसरा खांदा दोन वर्षे टिकून आहे.

माळ्यावरचा_खजिना
पिन काढलीच आहे तर पंखही सुटा करून घ्यावा, म्हणजे लेप लावणे सोपे जाईल.

चिंचवडकर
सर्वांचे मनापासून आभार, आणि घाई केल्याबद्दल क्षमा असावी. काय झाले ते लिहितो.

दातेरी टोक हाताच्या मागच्या बाजूला होते. घड्याळजीकडून आणलेल्या बारीक पंचाने चौथ्या ठोक्याला पिन बाहेर आली. तिच्याभोवती तेलाचा तपकिरी ओघळ होता आणि भोकाच्या काठाला केसासारखे आणखी तीन तडे दिसले, जे बाहेरून मुळीच दिसत नव्हते. भाग धुऊन वाळवला. आतल्या काठाला सिमेंटचा एक थेंब लावून पाहिला, तर प्लॅस्टिक चिकट झाले, म्हणजे ते एबीएसच आहे. सोन्या मारुती चौकातून अर्ध्या मिलिमीटरची तीन ड्रिल आणली आणि त्यांतली दोन पुठ्ठ्यावर सराव करतानाच मोडली. तिसऱ्या ड्रिलने दोन भोके पाडली, तार बसवली, सिमेंट सोडला आणि दोन दिवस भागाला हात लावला नाही.

आज सकाळी पिन परत घातली. उजवा हात पोटाखालून बाहेर आला, खांदा छातीच्या खाचेत टक् करून बसला आणि चार लेझरांचे डोके वर उभे राहिले. गेला आठवडाभर टेबलावर अर्धवट पडलेली वॅल्किरी उभी राहिलेली पाहून डोळे भरून आले, हे इथे मोकळेपणाने लिहितो.

आता डाव्या खांद्याचे विचारायचे आहे. त्यातही तेल गेले आहे, पण भिंगातून अजून तडा दिसत नाही. पिन काढून तो आताच धुवावा, की पिनेला न छेडता आहे तसा ठेवावा? तो मी अजिबात हलवलेला नाही.

कावासाकीहून
आताच धुवा. पिन काढण्यापूर्वी तिची लांबी आणि दातेरी टोकाची बाजू दोन्ही कागदावर लिहून ठेवा, कारण डाव्या हातात ती बहुधा उलट दिशेने बसवलेली असते.