फोर्टमधून रात्री सव्वाअकराला सुटल्यावर एकटीने बसून जेवायला गजबजलेलं हॉटेल कुठे?

गोदाकाठ

पुढच्या आठवड्यात सोमवार ते गुरुवार अशा चार रात्री मुंबईत फोर्टला काम आहे. रोज सव्वाअकरापर्यंत सुटका नाही. मुक्काम सीएसएमटीजवळ, ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. जेवण मात्र बाहेरच करायचं आहे आणि खोलीवर पार्सल आणून खायचं नाही. गरम जेवण, बसायला जागा आणि भोवती माणसांची वर्दळ, एवढं हवं. रिकाम्या हॉलमध्ये एकटीने बसणं नको वाटतं. मटण-चिकन चालतं, दारू घेत नाही, गुरुवारी शाकाहार. रोज पाचशे रुपयांत बसावं. नकाशावर बरीच ठिकाणं 'उघडं आहे' अशी दिसतात, पण त्यावर कितपत भरवसा ठेवायचा?

पुलाखालून

पहिली गोष्ट, फोर्टात शोधू नका. तो कचेऱ्यांचा भाग. लोक सात-आठला घरी गेले की तिथली उडुपी आणि इराणी हॉटेलं आवराआवरीला लागतात. साडेअकराला जे उघडं सापडेल तिथे तुम्ही आणि हिशेब करणारा गल्लेवाला, एवढेच असाल. रात्रीची वर्दळ जिथे बाजार आणि वस्ती एकाच गल्लीत आहे तिथे असते, किंवा जिथे पर्यटक उतरतात तिथे. तुमच्या जवळ दोन्ही आहेत: उत्तरेला भेंडीबाजार, दक्षिणेला कुलाबा. दोन्हीकडे टॅक्सीने दहा-बारा मिनिटं.

भेंडीबाजारात दोन नावं लक्षात ठेवा. नूर मोहम्मदी (१९२३ पासून) नळी निहारीसाठी, म्हणजे मगजाच्या नळीच्या हाडांसह शिजवलेल्या मांसाच्या रश्शासाठी, आणि शालिमार तंदूर-कबाबसाठी. एकट्या माणसाला निहारी सोयीची, कारण एक प्लेट एका माणसाचीच असते. बिर्याणी किंवा हंडी मागवली तर निम्मी उरते. निहारी मंद आचेवर तासन् तास शिजलेली असते, त्यामुळे रात्री उशिरा ती बिघडत नाही, पण संपते. आधी नळ्या संपतात आणि तळाचा रस्सा आटून खारट होतो. म्हणून बसण्याआधीच विचारा, 'नळी आहे का?' नसेल तर नुसत्या रश्शावर समाधान मानू नका, सरळ सीख कबाब आणि रोटी घ्या. कबाब मागितल्यावर शेगडीवर चढतो, त्याला उशिराचा त्रास नाही.

रोट्या एकेक मागवा. तंदुरी रोटी पाच मिनिटांत वातड होते आणि एकट्याच्या खाण्याचा वेग वेटरच्या अंदाजात बसत नाही, तो दोन-तीन एकदम आणून ठेवतो. निहारीवर लिंबू, आल्याचे काप आणि हिरवी मिरची लागतेच. आणून दिली नाही तर मागा. वरची तरी जास्त वाटली तर चमच्याने बाजूला काढा, ढवळू नका. ढवळली की सगळा रस्सा तुपकट लागतो.

टॅक्सीवाल्याला बसतानाच सांगा, 'पुलाखालून घ्या.' क्रॉफर्ड मार्केटजवळ जे. जे. उड्डाणपुलावर चढलात तर भेंडीबाजार खाली राहतो आणि थेट जे. जे. हॉस्पिटलपाशी उतरावं लागतं.

सुटे पैसे

वरच्या माहितीत एक भर. त्या भागात 'बडे का' असं ऐकलंत तर ते म्हशी-रेड्याचं मांस. नागपाड्यातल्या सरवीचे प्रसिद्ध सीख कबाब त्याचेच. बोहरी मोहल्ल्यातल्या बारा हांडीतही (वेगवेगळ्या हंड्यांत मंद शिजवलेले मांसाचे रस्से) तेच असतं. चालत असेल तर उत्तम, नसेल तर ऑर्डर देताना 'मटण का, बकरे का' असं स्पष्ट विचारा. कुणी फसवत नाही, पण विचारलं नाही तर सांगतही नाहीत. तिथे बहुतेक गिऱ्हाइकांना ते ठाऊकच असतं.

बोहरी मोहल्ल्यात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहिले आहेत. खाण्याची काही दुकानं त्यात जागा बदलून बसली. जुन्या लेखातली 'अमक्या चाळीच्या कोपऱ्यावर' ही खूण आता चालत नाही, त्या दुकानाचं नाव विचारत जा.

टॅक्सीचं किमान भाडं दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे. रात्री बारा ते पहाटे पाच २५ टक्के जास्त, म्हणजे ३९. जाताना साधं आणि येताना वाढीव, असं धरून चाला. रिक्षा शोधू नका, त्या शीव-वांद्र्याच्या दक्षिणेला येतच नाहीत. भुयारी मेट्रोही तुमच्या वेळेच्या आधीच बंद होते. रोख दोन-तीनशे जवळ असू द्या. गर्दीच्या वेळी रेंज जाते, क्यूआर चालत नाही आणि गल्ल्यावर मागे माणसं खोळंबतात.

कुलाबा कॉर्नर

बडेमियाँचं नाव अजून कुणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १९४६ पासून ताजच्या मागच्या गल्लीत, मध्यरात्रीनंतरही रस्ता माणसांनी भरलेला. कोळशाच्या शेगड्या समोर पेटलेल्या असतात, त्यामुळे आत काय चाललंय याची शंकाच नाही. एकट्याला एक चिकन किंवा मटण सीख कबाब आणि रुमाली पुरते. भूक जास्त असेल तर कबाब टाळून एकटी बैदा रोटी घ्या. आत खिमा, बाहेर अंड्याचं आवरण, तव्यावर चौकोनी घडी. ती एक खाल्ली की दुसरं काही लागत नाही.

पुलाखालून

बडेमियाँची चव मान्य, पण प्रश्नात 'बसून' आहे. ठेल्यापाशी लोक उभ्याने नाहीतर गाडीच्या बॉनेटवर खातात. एका हातात प्लेट, दुसऱ्यात रोटी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हे एकटीला जमत नाही. दोघं असले तर एक जण सामान धरतो. जायचंच तर त्यांच्या टेबल-खुर्च्यांच्या भागात जागा आहे का ते आधी बघा, मगच ऑर्डर द्या. आणि सोमवार-मंगळवारी जा. शनिवारी नंबर येईपर्यंत अर्धा तास.

तिसरी खिडकी

गोदाकाठ, एकट्या बाईच्या बाजूने काही गोष्टी सांगते, कारण वरच्या उत्तरांत त्या आल्या नाहीत.

भेंडीबाजारात रात्री बाराला जाण्यात भीतीसारखं काही नाही, रस्ता जागा असतो. पण तळमजल्यावर जवळपास सगळे पुरुष असतात आणि बाई दिसली की वेटर आपणहून वर, एसी फॅमिली हॉलमध्ये पाठवतो. त्याच्या मते ही सोय. पण आठवड्याच्या मधल्या वारी साडेअकरानंतर तो हॉल ओस पडतो आणि तुम्हाला नको असलेली तीच शांतता मिळते. अशा वेळी वर चढण्याआधी विचारा, 'वर माणसं आहेत का?' कुटुंबं जेवत असतील तर वरच बसा. नसतील तर खाली गल्ल्याजवळचं, भिंतीला पाठ लागेल असं टेबल मागा. ठामपणे मागितलं की देतात. गल्ल्याजवळ मालक किंवा मॅनेजर असतो, तिथे कुणी टक लावून बघत बसत नाही. वेटरचंही लक्ष राहतं, रोटी वेळेवर येते.

गर्दीत टेबल वाटून घ्यावं लागेल. समोर कुणी येऊन बसलं तर ती तिथली रीत आहे, सलगी नाही. बॅगेचा पट्टा पायात अडकवून ठेवा, शेजारच्या खुर्चीवर ठेवू नका. ती खुर्ची कुणाला तरी लागणारच.

अगदी पहिल्या रात्री सवय व्हायला कुलाबा कॉजवेवरचं मोंडेगार किंवा लिओपोल्ड बघा. लिओपोल्ड १८७१ चं. मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत, एकटीने बघत बसायला त्याहून चांगलं काय. दोन्हीकडे परदेशी पर्यटक एकेकटे बसलेले असतात, म्हणून एकटी बाई हा तिथे विषयच नाही. अडचणी दोन. साडेअकराला पोहोचलात तर स्वयंपाकघर आवरण्याच्या बेतात असतं, आणि पाचशेत एकच पदार्थ बसतो. लवकर सुटलात तरच जा.

नंबर फोनमध्ये ठेवाच: मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन १०३, लोकलमध्ये असाल तर रेल्वे पोलीस १५१२. लोकलने कुठे गेलात तर ज्या महिला डब्यावर '२४ तास' लिहिलंय त्यातच चढा. काही डबे ठरावीक वेळेनंतर सर्वांसाठी खुले होतात.

दीडची घंटा

नकाशावरच्या वेळेबद्दल. 'बंद होण्याची वेळ' आणि 'शेवटची ऑर्डर' यांत अर्धा-पाऊण तासाचा फरक असतो. तंदूर तर त्याहून आधी थंड करतात, कारण निखारे विझवून साफ करायला वेळ लागतो. म्हणून फोन करून हे तीनच प्रश्न विचारा: शेवटची ऑर्डर किती वाजता? तंदूर तोपर्यंत चालू असतो का? बसून मिळेल की फक्त पार्सल? तिसरा विसरू नका. अर्धं शटर ओढून पार्सल देणारी हॉटेलंसुद्धा नकाशावर 'उघडी'च दिसतात.

कायद्याचं म्हणाल तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने चोवीस तास चालू ठेवता येतं आणि १ ऑक्टोबर २०२५ च्या शासन निर्णयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. दारू देणाऱ्या जागा मात्र त्यात नाहीत. मुंबईत परमिट रूमना दीडची मर्यादा आहे, त्यामुळे तिथला वेटर एकपासूनच बिलं वाटायला लागतो. तुम्ही दारू घेत नाही, तेव्हा उशीर झाला तर परमिट नसलेलं हॉटेलच निवडा. कुणी उठवत नाही.

आणखी एक. रात्री अकरानंतर मासे, पनीर ग्रेव्ही आणि बिर्याणी टाळा. मासा दुपारच्या खरेदीचा असतो, ग्रेव्ही पुन्हा गरम केलेली आणि बिर्याणीत देगेच्या तळाचा कोरडा भात उरलेला असतो. तवा, शेगडी आणि मंद आचेची हंडी, या तिघांवर विश्वास ठेवा.

गोदाकाठ

मनापासून आभार. सोमवारी कुलाबा, मंगळवारी नूर मोहम्मदी, बुधवारी शालिमार असं ठरवते. गुरुवारचं शाकाहारी राहिलं.

सुटे पैसे

गुरुवारी ताडदेवचं सरदार पावभाजी, बस डेपोजवळ. टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. बारापर्यंत पोहोचायचं बघा. एकट्याला एक प्लेट बरोबर होते, टेबल वाटूनच बसतात, गोंगाट भरपूर. ऑर्डर देतानाच 'बटर कमी' सांगा. इथे बटरचा गोळा मोठा असतो आणि तो भाजीत विरघळला की काढता येत नाही. भाजी आधी अर्धी संपवून मगच जादा पाव मागवा, गरम मिळतो. त्यानंतर जागं राहायचं असेल तर हाजी अलीच्या कोपऱ्यावरचं ज्यूस सेंटर त्याच बाजूला आहे, हंगामात सीताफळ क्रीम मिळतं.

तिसरी खिडकी

बुधवारी शालिमारला निघताना ऑफिसातूनच फोन करून वरच्या हॉलचं विचारून घ्या. आणि परतीची टॅक्सी बिल मागवतानाच ॲपवर बोलवा. बिल येऊन पैसे देईपर्यंत ती दारात येते, रस्त्यावर उभं राहावं लागत नाही. ॲपवर गाडी मिळाली नाही तर गल्ल्यावर सांगा, पोऱ्या काळी-पिवळी थांबवून देतो.