मदत हवी आहे : फिरत्या पाळीची नोकरी सांभाळून कॅट आणि एमबीए सीईटीची तयारी (भुसावळ–जळगाव)

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी भुसावळला राहतो आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील पीव्हीसी पाइप तयार करणाऱ्या एका कारखान्यात उत्पादन विभागात अभियंता म्हणून काम करतो. यांत्रिकी शाखेची पदवी घेतल्यापासून गेली चार वर्षे मी याच ठिकाणी आहे. आता पूर्णवेळ एमबीए करावे असे मी ठरवले असून त्यासाठी कॅट (आयआयएम, म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा) आणि महाराष्ट्र राज्याची एमबीए सीईटी या दोन्ही परीक्षा द्यायच्या आहेत. नोकरी सोडून अभ्यास करावा अशी घरची परिस्थिती नाही आणि माझी इच्छाही नाही. तेव्हा नोकरी चालू राहणार हे धरूनच आपण मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

दिवसाला दोन-अडीच तास मला अभ्यासाला मिळतात. परंतु ते तास दर आठवड्याला जागा बदलतात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात पहाटे जळगावची गाडी धरावी लागते, म्हणून अभ्यास संध्याकाळी होतो. दुसऱ्या पाळीत घरी परतायला मध्यरात्र उलटते, त्यामुळे सकाळच तेवढी हाती राहते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी येऊन झोपायचे म्हटले, तरी एप्रिल-मे महिन्यांत भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो; तेव्हा दुपारी नीट झोप लागत नाही आणि जागे राहून डोकेही चालत नाही. एका वेळेची सवय लागते न लागते तोच पाळी बदलते. वाचलेल्या बहुतेक मार्गदर्शनात ‘रोज ठरावीक वेळी अभ्यासाला बसा’ असे सांगितलेले असते, आणि नेमके तेच मला शक्य नाही.

दुसरी अडचण हंगामाची आहे. कॅट साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. आमची यावल तालुक्यात कापूस आणि केळीची शेती आहे, आणि नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचा व रब्बीच्या पेरणीचा काळ. मजूर मिळत नाहीत, वडिलांना एकट्याने झेपत नाही, त्यामुळे सुटीच्या दिवशी शेतावर जावेच लागते. सीईटी मार्च-एप्रिलच्या सुमारास येते, आणि तोच आमच्या कारखान्याचा सर्वांत धावपळीचा काळ असतो. ठिबकवर मान्सूनपूर्व कापूस लावणारे शेतकरी मे संपण्याआधी पाइप आणि नळ्या घेऊन ठेवतात, म्हणून फेब्रुवारीपासून ओव्हरटाइम सुरू होतो आणि रजा मिळणे अवघड होते. दोन्ही परीक्षा माझ्या दृष्टीने वर्षातल्या सर्वांत वाईट वेळी येतात.

विषयांबद्दल सांगतो. गणिताची मला फारशी धास्ती नाही. कॅटच्या गणितात कॅल्क्युलस नसते. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग असे अंकगणित आणि त्याखालोखाल बीजगणित यांवरच बहुतेक प्रश्न असतात, आणि सराव केला की ते सुटतात. वाचनाच्या विभागात मात्र मी अडतो. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. तांत्रिक इंग्रजी मी सहज वाचतो. यंत्राची माहितीपुस्तिका असो वा ग्राहकाचा तक्रार अहवाल, त्यात काही अडत नाही. परंतु तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र किंवा कलेचा इतिहास यांवरचा उतारा आला की प्रत्येक वाक्य सुटे सुटे समजते, आणि तरीही लेखकाला एकूण काय म्हणायचे आहे असे विचारल्यावर मी दोन पर्यायांमध्ये अडकून पडतो. २०२४ च्या कॅटमध्ये या विभागात २४ प्रश्न होते आणि त्यांपैकी १६ उताऱ्यांवरचे होते, म्हणजे हा भाग टाळून पुढे जाता येत नाही. माहिती-विश्लेषण आणि तर्क यांच्या संचांना (एकाच माहितीवर आधारलेल्या प्रश्नांच्या गटांना) तर सलग, कोणी हाक न मारणारा वेळ लागतो, जो मला फक्त साप्ताहिक सुटीला मिळतो.

त्यामुळे माझे विचारणे असे आहे की, पाळी दर आठवड्याला बदलत असताना कोणत्या पाळीत काय अभ्यासावे, याची घडी आपल्यापैकी कोणी बसवली आहे का? मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने उताऱ्यांचा भाग कसा पक्का करावा? कॅट आणि सीईटी यांची तयारी एकत्र चालते, की एकच परीक्षा धरून तिच्यावर सर्व वेळ लावणे शहाणपणाचे ठरेल? नोकरी करता करता यातून गेलेल्यांनी स्वतःच्या अनुभवातून सांगितले तर फार मोलाचे होईल.

प्रतिसाद १

भाऊ, आपण नोकरी सोडणार नाही असे लिहिले आहे, तरीही सांगावेसे वाटते. निदान कॅटच्या आधीचे तीन-चार महिने बिनपगारी रजा मिळते का, ते विचारून पाहावे. मी पाचोऱ्याहून पुण्याला जाऊन अभ्यासिकेत बसलो होतो आणि सभोवती सगळे अभ्यास करणारे असले की माणूस आपोआप बसतो. रात्रपाळी करून कॅट देणे मला तरी जमले नसते.

प्रतिसाद २

भाऊ, मी धुळ्याची. बँकेत नोकरी करीत असताना मी कॅट आणि सीईटी दोन्ही दिल्या आणि पुढे सीईटीच्या गुणांवर मुंबईत एमबीए केले. बँकेत पाळ्या नसतात, म्हणून आपल्या झोपेचे हाल मला पूर्णपणे कळले असे मी म्हणणार नाही. परंतु मार्चअखेरची बँक आणि तोंडावर आलेली सीईटी हे दोन्ही मी एकाच वेळी पाहिले आहे.

वरच्या प्रतिसादाशी मी आदराने असहमत आहे. आयआयएममध्ये बोलावणे येते ते केवळ कॅटच्या गुणांवर येत नाही. दहावी, बारावी आणि पदवीचे गुण धरले जातात आणि अनेक ठिकाणी कामाच्या अनुभवालाही वेगळे गुण असतात. शाळा-महाविद्यालयातले गुण आता बदलायचे नाहीत. चालू असलेली नोकरी मात्र आपल्या बाजूने मोजली जाते. शिवाय मुलाखतीत चार वर्षे कारखान्यात उभे राहून काम केलेल्या माणसाकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. पाइपची मागणी कापसाच्या लागवडीशी कशी बांधलेली आहे, हे आपण वर एका परिच्छेदात जितके स्पष्ट लिहिले, तितके पुस्तकातून शिकलेल्या उमेदवाराला क्वचितच सांगता येईल.

आता पाळ्यांबद्दल. तास मोजण्यापेक्षा पाळीप्रमाणे विषय वाटून घ्यावेत, असे माझे मत आहे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात थकवा संध्याकाळी असतो, तेव्हा गणिताचा सराव ठेवावा, कारण त्यात हात चालू राहतो आणि झोप आवरते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातील सकाळ ही आपल्याकडची सर्वांत ताजी वेळ आहे. ती उतारे आणि तर्काचे संच यांनाच द्यावी. रात्रपाळीत नवीन काहीही हाती घेऊ नये. झोप झाल्यावर, कामावर निघण्यापूर्वीच्या तासाभरात जुनी उदाहरणे पुन्हा सोडवावीत, एवढेच पुरे. तो आठवडा वाया गेला असे मनाला लावून घेतले, तर पुढचा आठवडाही हातचा जातो.

सराव चाचणी साप्ताहिक सुटीला द्यावी आणि ती परीक्षेच्याच वेळेला द्यावी. कॅट दिवसातून तीन सत्रांत होते : सकाळी ८:३०, दुपारी १२:३० आणि संध्याकाळी ४:३०. आपल्याला कोणते सत्र मिळेल हे प्रवेशपत्र आल्यावरच कळते आणि ते बदलून मिळत नाही. म्हणून चाचण्या तिन्ही वेळांना आलटून पालटून द्याव्यात. सकाळच्या सत्राची शक्यता लक्षात घेऊन परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रात्रपाळी येणार नाही, एवढी अदलाबदल सहकाऱ्याशी आतापासूनच बोलून ठेवावी. रजेपेक्षा पाळीची अदलाबदल मिळणे सोपे असते.

उताऱ्यांसाठी मी जे केले ते सांगते, कारण माझेही शिक्षण मराठी माध्यमातून झाले. रोज इंग्रजीतील एक मोठा वैचारिक लेख वाचायचा. ‘एऑन’ या संकेतस्थळावरील निबंध कॅटच्या उताऱ्यांच्या जातीचे असतात. वाचून झाल्यावर लेख बंद करायचा आणि लेखकाचे म्हणणे दोन वाक्यांत मराठीत लिहायचे. इंग्रजीत लिहिले तर आपण लेखातलेच शब्द उचलतो आणि समजल्याचा भास होतो. मराठीत लिहिताना मात्र न समजलेली गोष्ट लपत नाही. वाक्य अडते आणि नेमके कुठे अडले ते दिसते. आपली अडचण शब्दांची नसून लेखकाच्या युक्तिवादाचा माग ठेवण्याची आहे, असे आपल्या वर्णनावरून मला वाटते. हा सराव त्याच ठिकाणी उपयोगी पडतो. लेख गाडीतही वाचता येईल. दोन वाक्ये मात्र वहीतच लिहावीत. सुरुवातीला प्रगती दिसणार नाही. काही महिने जाऊ द्यावेत.

कॅटच्या १२० मिनिटांत तीन विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे मिळतात आणि एका विभागातून दुसऱ्यात जाता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण असतात, पर्याय असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास १ गुण वजा होतो, आणि ज्यांत उत्तर स्वतः टंकायचे असते त्या प्रश्नांना वजावट नसते. अलीकडच्या वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण मिळवूनही ९९ पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातल्या सुमारे ९९ उमेदवारांच्या वरचे स्थान) मिळाले आहे, हे ध्यानात ठेवावे. तर्काच्या विभागात २०२४ मध्ये ५ संच होते. त्यांतले कोणते सोडायचे हे पहिल्या काही मिनिटांत ठरवता आले की निम्मे काम झाले, आणि हा निर्णय सरावानेच साधतो. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना एक काळजी घ्यावी : २०१५ ते २०१९ या काळात परीक्षा ३ तासांची आणि १०० प्रश्नांची होती, त्यामुळे त्या पूर्ण चाचणी म्हणून न वापरता त्यांतील संच आणि उतारे सुटे करून, ४० मिनिटांच्या हिशेबाने वापरावेत.

सीईटीचा स्वभाव वेगळा आहे. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, आणि चुकीच्या उत्तराला वजावट नाही. तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. २०० पैकी ७५ प्रश्न तर्काचे आणि २५ आकृत्यांच्या मालिकांचे असतात. आकृत्या कॅटमध्ये येतच नाहीत. म्हणून नोव्हेंबरपर्यंत फक्त कॅटची तयारी करावी, म्हणजे सीईटीचे गणित आणि वाचन त्यातच होऊन जाते. डिसेंबरपासून आकृत्या आणि वेग एवढेच धरावे. कॅट झाल्यावर आपल्याला जानेवारीअखेरपर्यंतचा काळ तुलनेने मोकळा मिळेल, आणि ओव्हरटाइम सुरू होण्यापूर्वी सीईटीचा मोठा भाग त्यात उरकता येईल. जमनालाल बजाज आणि सिडनहॅम या मुंबईच्या संस्थांत सीईटीवर प्रवेश मिळतो आणि तिथले शुल्क जुन्या आयआयएमच्या मानाने बरेच कमी आहे. शेतीवर कर्ज न वाढवता शिकायचे असेल, तर सीईटीला दुय्यम समजू नये.

आणखी एक. आपण इतर मागास प्रवर्गातून अर्ज करणार असाल, तर आयआयएमसाठी नॉन-क्रिमी लेयरचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातच लागते, राज्याच्या नमुन्यातील चालत नाही. कॅटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात. त्याच्या आधीच तहसीलचे काम उरकून घ्यावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

ताई, आपण इतका वेळ देऊन लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पाळीप्रमाणे विषय वाटण्याची कल्पना मी याच आठवड्यापासून अमलात आणतो आहे; सध्या दुसरी पाळी आहे, त्यामुळे सकाळ उताऱ्यांना दिली आहे. मराठीत दोन वाक्ये लिहिण्याचा प्रयोगही सुरू केला. पहिला लेख मला समजला असे वाटले होते, पण लिहायला बसल्यावर दुसरे वाक्य पूर्ण होईना, आणि मग लेख पुन्हा वाचावा लागला. आपण म्हणता ते ठिकाण हेच असावे.

पाचोऱ्याच्या भाऊंचेही आभार. बिनपगारी रजा घेतली, तर नोव्हेंबरमध्ये मी अभ्यासिकेत नव्हे, शेतावर असेन, हे मला आधीच ठाऊक आहे.

एक शंका राहते. मला जीमॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन प्रवेश परीक्षेबद्दलही सुचवले गेले आहे. तिचे शुल्क कॅटच्या कित्येक पट आहे. परंतु तारीख स्वतः निवडता येते आणि गुण ५ वर्षे ग्राह्य राहतात, तर कॅटचे गुण एकाच वर्षासाठी चालतात. आयआयएम अहमदाबादच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला किमान ४ वर्षांचा अनुभव लागतो आणि तो आता माझ्याकडे आहे. कापूस आणि ओव्हरटाइम दोन्ही टाळून जुलै-ऑगस्टमध्ये, शेतातली निंदणी आटोपल्यावर, ही परीक्षा देता येईल असे वाटते. पण तसे केल्यास कॅटच्या ऐन तयारीचे दोन महिने त्यात जातील का, याचा अंदाज मला येत नाही.

दीपनगरच्या औष्णिक केंद्रात, रेल्वेत किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत पाळीवर काम करून यांपैकी कोणतीही परीक्षा दिलेले कोणी येथे असतील, तर त्यांनी रात्रपाळीचा आठवडा कसा काढला आणि जीमॅटचा विचार केला होता का, हे कृपया लिहावे.