१५.९ टक्के म्हणजे अख्खा जर्मनी नव्हे

माइनकाठ:
‘मुठेकाठचा’ या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी परवा लिहिले की, ९ जून २०२४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत एएफडी (युरोपीय संघाला विरोध करणारा कडवा उजवा पक्ष) जर्मनीत १५.९ टक्के मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आली, म्हणजे जर्मन माणसाने युरोपला नाकारले. हे वाचून गप्प बसवेना. युरोपच्या बाजूने असलेल्या सीडीयू-सीएसयू या मध्यम-उजव्या जोडीला ३० टक्के मते मिळाली आणि मतदान ६५ टक्क्यांच्या जवळ गेले, जे एकीकरणानंतरच्या युरोपीय निवडणुकांत सर्वाधिक आहे. या दोन्ही गोष्टी त्यांनी सोयीस्करपणे गाळल्या. राग होता तो बर्लिनवर, म्हणजे केंद्र सरकारवर. तेव्हाचे चान्सलर शोल्त्स यांच्या सरकारातील तीन पक्षांना (एसपीडी, ग्रीन आणि एफडीपी) २०२१ च्या बुंडेस्टाग म्हणजे जर्मन संसदेच्या निवडणुकीत मिळून सुमारे ५२ टक्के मते होती, या खेपेस तिघांची बेरीज ३१ भरली. ग्रीन पक्ष पाच वर्षांत २०.५ वरून ११.९ वर घसरला. इथे जर्मनीत आमचे घरमालक मला तळघरात नेऊन गॅसचा जुना बॉयलर दाखवत ‘सरकार आता हा काढायला लावणार’ म्हणून गेले वर्षभर कुरकुरत होते. त्यांच्या तोंडून ब्रुसेल्सचे, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभाराचे, नाव मी एकदाही ऐकलेले नाही.

मुठेकाठचा:
एका बॉयलरवरून तुम्ही अख्ख्या देशाचे मन ओळखलेत, हे कौतुकास्पद आहे. पण सरासरीच्या पांघरुणाखाली काय झाकले जाते तेही पाहा: पूर्वेकडील पाचही राज्यांत एएफडी पहिली आली आणि सॅक्सनीत तर जवळपास ३२ टक्के मते घेऊन. जास्त मतदान म्हणजे युरोपप्रेम, हा तुमचा निष्कर्ष तर अजबच आहे, कारण चिडलेला माणूसही रांगेत उभा राहतोच.

एल्बेकाठची:
मी त्याच सॅक्सनीत, ड्रेस्डेनला राहते, म्हणून दोघांनाही सांगते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी मत कोणाला दिले हे मला ठाऊक नाही, मात्र निवडणुकीच्या आठवड्यात त्या माझ्याशी बोलल्या त्या डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख पाच महिन्यांनंतरची मिळाल्याबद्दल. ही तक्रार युरोपीय संसदेकडे न्यायची नसते हे त्यांना समजते, पण मतपत्रिका हातात आली होती. आणि खरे सांगायचे तर मला या चर्चेचाच वैताग येतो. मी येथे अठरा वर्षे कर भरते आहे, तरी मला मत नाही. माझ्या समोरच्या दारी वर्षभरापूर्वी आलेला पोलिश मुलगा मात्र नाव नोंदवून येथल्या उमेदवारांना मत देऊन आला.

माइनकाठ:
ताई, तो युरोपीय संघाचा नागरिक आहे, त्यामुळे त्याला तो हक्क आहे. तुम्हालाही नागरिकत्व केव्हाच घेता आले असते. भारतीय पासपोर्ट सोडवत नाही आणि मतही हवे, असे कसे चालेल?

एल्बेकाठची:
हे वाक्य लिहिण्यापूर्वी जरा विचार करायचा होता. माझी आई ८१ वर्षांची आहे आणि सांगलीला एकटी असते. पासपोर्ट दिला असता आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारे) हाती येण्याआधीच रात्री फोन आला असता, तर व्हिसासाठी मी कोणाच्या दारात उभी राहणार होते? २७ जूनपासून, म्हणजे मतदानानंतर अठराच दिवसांनी, जर्मनीने जुने नागरिकत्व सोडण्याची अट काढली. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे आपल्यासाठी तिढा तिथेच आहे. सोळा वर्षांच्या मुलांना या निवडणुकीत पहिल्यांदा मत मिळाले, त्यात माझा मुलगाही होता. तो मतदानाला गेला आणि मी बाहेर त्याची सायकल धरून उभी होते.

मुठेकाठचा:
मग त्या सोळा वर्षांच्यांनी कोणते दिवे लावले? मतदानोत्तर पाहणीत २५ वर्षांखालील मतदारांत एएफडी सुमारे १६ टक्क्यांवर होती.

एल्बेकाठची:
आणि त्याच पाहणीत फोल्ट या छोट्या पक्षाला त्यांच्यातील ९ टक्के मते होती, ज्याचा सारा जाहीरनामा अधिक युरोप मागतो. तुम्ही १६ वाचलेत आणि ९ वाचले नाहीत.

माइनकाठ:
ताई, पासपोर्टबद्दल मी जे लिहिले ते आगाऊपणाचे होते, मागे घेतो. मुठेकाठचे साहेब, पूर्वेकडील पाच राज्यांचा मुद्दाही मान्य. मी पश्चिमेत राहतो आणि तिकडे वर्षातून एकदा जातो, तेही ख्रिसमसच्या बाजारासाठी.

मुठेकाठचा:
उपकार झाले. ‘जर्मन माणसाने’ ऐवजी ‘पूर्वेकडील बऱ्याच मतदारांनी’ असा बदल मी करतो. ‘नाकारले’ हा शब्द मात्र राहील.