मदत हवी आहे: घरी जाताना विजा सुरू झाल्या तर गाडी कुठे थांबवायची?

रानवाट (सोमवार, रात्री ९:४०)
लवकर सांगा, उद्या परत जायचं आहे. काम यवतमाळला, घर घाटंजी रोडला, सुटते साडेसहाला. गेल्या आठ दिवसांत आज तिसऱ्यांदा वादळात सापडले. जंगल लागायच्या आधी चमकली की आवाज येईपर्यंत आकडे मोजत होते. आधी बारा झाले, मग पाच, आणि पुलापलीकडे मोजायलाच मिळालं नाही, उजेड आणि कडाका एकदमच. डाव्या हाताच्या वावरातलं मोहाचं झाड वरपासून खालपर्यंत उभं सोललं गेलं. साल उडून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं, आणि वरून पाऊस चालू असताना त्यातून वाफ निघत होती. मी न थांबता गाडी काढली. घरी पोचले तर सासूबाईंनी विचारलं, दही आणलं का.
प्रश्न एवढाच: अशा वेळी थांबायचं की गाडी काढून घ्यायची? थांबायचं तर कुठे? झाडाखाली थांबू नका हे मला माहीत आहे, ते कोणी सांगू नका.

डबल_क्लच (९:५२)
थांबायचं. झाडं सोडून मोकळ्यात कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू, काचा वर, इंजिन बंद, हात मांडीवर. आतल्या माणसाला काही होत नाही. टायर रबराचे असतात, करंट पासच होत नाही.

रिटायर्ड_मास्तर (१०:०५)
सल्ला बरोबर, कारण चूक. जी वीज ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडत येते, तिला चार बोटं रबर काय अडवणार? वाचवतो तो पत्रा. वीज पत्र्याच्या बाहेरच्या अंगाने वाहते आणि चाकांवरून जमिनीत उतरते, आतला माणूस सुखरूप राहतो. मायकेल फॅरेडेने १८३६ साली असा पिंजरा करून दाखवला होता. म्हणूनच रेक्झिनच्या टपाची रिक्षा, कापडी टपाची जीप, बिनकेबिनचा ट्रॅक्टर यांचा उपयोग नाही.

डबल_क्लच (१०:११)
मास्तर, बावीस वर्षं ट्रक चालवतोय. टायरमुळेच वाचलो.

रिटायर्ड_मास्तर (१०:१३)
केबिनमुळे वाचलात.

पांढरं_सोनं (१०:२०)
भाऊ तू पायाळू, म्हंजे पायाकडून जन्मलेला, हायेस का? आमच्या गावात एक जण पायाळू होता, आबाय आलं का त्याची माय त्याले घरात कोंडून ठेवे. इज पायाळू मानसालेच धरते, असं बुढे लोक म्हनत. आन् आंगनात इळा फेकाचा, लोखंड पाहून इज तिकडं जाते, हे बी तेच म्हनत.

रानवाट (१०:२४)
मी भाऊ नाही. पायाळू पण नाही. विळा स्कूटीवरून कुठे फेकू?

डबल_क्लच (१०:२५)
स्कूटी????

रिटायर्ड_मास्तर (१०:२७)
अहो ताई, हे पहिल्या ओळीत नको होतं का सांगायला! वरचं सगळं रद्द. दुचाकीवर कसलंही संरक्षण नाही. मोकळ्या रस्त्यावर तुम्हीच सगळ्यात उंच.

रानवाट (१०:३१)
आमच्याकडे स्कूटीला गाडीच म्हणतात. कारला चारचाकी म्हणतात. मला वाटलं कळेल.

एसी_केबिन (१०:४०)
सेकंडहँड अल्टो घेऊन टाका, दीड लाखात मिळते. विषय संपला.

रानवाट (१०:४२)
द्या मग दीड लाख.

वऱ्हाडी_ठेचा (१०:४४)
मिस्टरांना घ्यायला बोलवायचं की. लेडीजने एकटीने जंगलातून...

रानवाट (१०:४६)
ते पण दुचाकीवरच येतील. मग दोघं भिजू. पुढे?

पीएचसी_ड्युटी (१०:५५)
मी नर्स आहे, माझाही रोजचा असाच रस्ता आहे. पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही मोजूनही फार उशिरा घाबरलात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर. बारा मोजले तेव्हा वीज चार किलोमीटरवर होती, आणि तेवढ्यात पुढची तुमच्या डोक्यावर पडू शकते. तीसच्या आत आकडा आला की पक्कं छत शोधायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथून हलायचं नाही. पाऊस थांबला की आपण किक मारतो, तिथेच चुकतं. थांबायला चार भिंती, दार आणि वर स्लॅब हवा. नाहीतर पत्र्याची बंद गाडी, म्हणजे एसटी किंवा कोणाची कार. हात केला तर पावसात बाईला कोणीही घेतं.

प्रवासी_०७ (११:०२)
रस्त्याला प्रवासी निवारे आहेत ना, तिथे थांबा.

पीएचसी_ड्युटी (११:०४)
नको. एक बाजू उघडी, वर पत्रा, त्याला लोखंडी पाइप, आणि लोक नेमके पाइपाला टेकून उभे असतात. पावसापासून आडोसा होतो, विजेपासून नाही.

रानवाट (११:०९)
आज मी तिथेच तर थांबले होते, पुलाच्या आधी दहा मिनिटं. दोन मेंढपाळ होते, सगळी मेंढरं आत. पाइपाला टेकूनच उभी होते.

डबल_क्लच (११:१२)
हे पण आत्ता सांगताय!

सातबारा (११:२०)
मेंढरांवरून आठवलं. मागच्या वर्षी आमची बैलजोडी चिंचेखाली बांधली होती, वीज झाडावर पडली आणि दोन्ही बैल गेले. बैलाला वीज लागलीच नव्हती म्हणे, मग मेले कसे?

रिटायर्ड_मास्तर (११:२८)
झाडावरची वीज बुंध्यातून जमिनीत पसरते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायात चार-पाच फूट अंतर, तेवढ्यात विजेच्या दाबाचा फरक पडतो आणि करंट छातीतून जातो. म्हणून माणूस अगदी उघड्यावर सापडला तर त्याने पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं कधी पडू नये. मात्र हा अगदीच नाइलाजाचा उपाय, याने माणूस सुरक्षित होत नाही.

सातबारा (११:३१)
भरपाई मिळते का?

बिनतारी (११:३३)
मिळते. तलाठ्याकडून पंचनामा आणि जनावराच्या डॉक्टरकडून शवविच्छेदनाचा अहवाल, दोन्ही लागतात. पुरून टाकलं की संपलं. माणसाचे चार लाख आहेत, पण ती चर्चा या धाग्यावर नको.
ताई, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप टाका. आजूबाजूच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं.

रानवाट (११:३८)
आहे. जंगलात रेंज जाते.

बिनतारी (११:४०)
जंगलात कशाला बघता? निघायच्या आधी ऑफिसात बघायचं. नागपूरचं हवामान केंद्र पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा देतं, तोही बघा. मे महिन्यात दिवसभर तापतं, दुपारनंतर ढग चढतात आणि चार ते आठ सगळा गोंधळ. तुम्ही नेमक्या त्याच वेळेत सुटता. साडेचारला नाही का निघता येणार?

रानवाट (११:४४)
पॅथॉलॉजी लॅब आहे. संध्याकाळचे सॅम्पल सहापर्यंत येतात. मालक म्हणतात, पावसाची सुट्टी शाळेला.

वऱ्हाडी_ठेचा (११:४७)
मोबाइल बंद ठेवा, मोबाइलवर वीज पडते.

बिनतारी (११:४८)
नाही पडत. वायरच्या फोनवर बोलू नये, ते वेगळं.

सोलर_पंप (११:५५)
घरात टीव्ही आणि राऊटरच्या पिना काढून ठेवा. आमचे दोन राऊटर गेले. इन्व्हर्टरला अर्थिंग नीट आहे का बघा.

रानवाट (११:५७)
घरी पोचले तर काढीन ना पिना.

पांढरं_सोनं (रात्री १२:०३)
ताई, रागावू नोका. आमी पन त्याच रोडचे. पयले दोन्ही बाजूनं कडुनिंब होते, रोड रुंद केला आन् सारे कापले. आता झाडाखाली थांबू नोका म्हनाले झाडच नाई.

उपकेंद्र_रात्रपाळी (१२:१५)
मी याच रोडवरच्या वीजपुरवठ्याच्या ३३ केव्ही उपकेंद्रात ऑपरेटर आहे. पुलाच्या अलीकडे, तुम्ही यवतमाळवरून येताना उजव्या हाताला. चोवीस तास माणूस असतो, खोली स्लॅबची आहे. नियमाने बाहेरच्याला आत घेता येत नाही, पण विजा चालू असताना आम्ही कोणाला गेटवर उभं ठेवत नाही.

वऱ्हाडी_ठेचा (१२:१८)
विजेपासून वाचायला विजेच्या ऑफिसात! तिथेच आधी पडेल.

उपकेंद्र_रात्रपाळी (१२:२२)
यार्डात पडते, तेवढ्यासाठीच वीज जमिनीत उतरवणारे लाइटनिंग अरेस्टर आणि अर्थिंग केलेलं आहे. यार्डात कोणी जायचं नाही, तारेच्या कुंपणाला हात लावायचा नाही. थेट खोलीत यायचं, खिडकीपासून लांब बसायचं. चहा मिळेल, दूध नसतं.

रानवाट (१२:२६)
पुलाच्या अलीकडे म्हणजे तो निवारा लागतो त्याच्या आधी का नंतर?

उपकेंद्र_रात्रपाळी (१२:२७)
आधी. निवाऱ्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर. आज तुम्ही आमच्या समोरूनच गेलात.

रानवाट (मंगळवार, सकाळी ७:५०)
मालकाला सांगितलं, दामिनीत वीस किलोमीटरच्या आत दिसली तर मी सहाला बॅग उचलणार. पहाटे उठून झाड पाहून आले, बुंध्याशी काळी रेघ आहे. उपकेंद्रवाले दादा, आज ड्युटी तुमचीच आहे का? आणि स्कूटी आत घेता येईल का, परवा सीट भिजून फुगली आहे.

उपकेंद्र_रात्रपाळी (८:३०)
आज दुसरा आहे, त्याला सांगून ठेवलं. स्कूटी गेटच्या आत डाव्या हाताला लावा, ट्रान्सफॉर्मरकडे नको.

एसी_केबिन (११:१५)
अल्टो नको असेल तर वॅगनआर बघा.